आईचे औषध आणि बाळाचे दूध

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. उसाच्या बिलाची चौकशी करायला एक जुने सभासद आमच्याकडे आले होते. बिलाचे बोलणे दोन मिनिटांत आटोपले, पण आबा काही उठेनात. चहा झाला, पाऊसपाण्याचे झाले. शेवटी दार लोटून घेऊन म्हणाले, "तुम्ही अंकात आरोग्याचं छापता म्हणून इचारतो. धाकट्या सुनेच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर हाय म्हणत्यात. येत्या सोमवारपासून किमो सुरू करायचाय. पोर पाच महिन्यांचं, अजून अंगावर पितंय. घरात दोन तट पडल्यात. म्हातारी म्हणती, आईचं दूध कधी इख होतंय का? आणि पोरगा म्हणतो, पहिली तपासणी झाली त्याच दिवशी दूध तोडायला पाहिजे हुतं. सून नुसती रडती. खरं कुणाचं धरायचं?"

आम्ही काही डॉक्टर नव्हे. त्या दिवशी आम्ही त्यांना एकच सांगितले, "आबा, सोमवारची वाट बघू नका. उद्याच्या उद्या दवाखान्यात जाऊन हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा. पहिली सलाईन लागायच्या आत उत्तर घ्या." त्याप्रमाणे ते गेले. नंतर आम्हीही जाणत्या मंडळींशी बोललो, जे छापील मिळाले ते वाचले. तेव्हा ध्यानात आले की आबांच्या घरातल्या दोन्ही तटांचे म्हणणे अर्धे-अर्धे खरे होते. सोमवारपर्यंत आजीबाईंचे खरे होते. सोमवारपासून पुढे मुलाचे खरे होते.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या घरी उद्भवली तर माहिती हाताशी असावी, म्हणून आबांच्या संमतीने, नाव-गाव न देता, हा लेख देत आहोत. माता-भगिनींनी तर वाचावाच, पण घरातल्या कर्त्या पुरुषांनी अगोदर वाचावा. दवाखान्यात कागदावर सही बहुधा तेच करतात.

दुधात औषध उतरते कसे?

आपल्यापैकी बहुतेकांच्या गोठ्यात एखादी तरी दुभती गाय नाहीतर म्हैस असते. जनावराला दगडी झाली, डॉक्टरने इंजेक्शन दिले, की ते दूध ठराविक दिवस डेअरीला घालायचे नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. सुई टोचली मानेत, मग दुधाचा काय संबंध? संबंध असा की औषध रक्तात जाते, रक्त कासेत जाते आणि दूध त्या रक्तातूनच तयार होते. उसाचेही तसेच आहे. खारपड जमिनीतल्या उसाच्या रसात जमिनीचे क्षार उतरतात; तो गूळ कसा होतो ते गुऱ्हाळवाल्याला विचारावे.

बाईच्या स्तनातही असेच घडते. दूध बनवणाऱ्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांची जाळी असते. रक्तातले औषध पिशवीच्या भिंतीतून पलीकडे दुधात झिरपते. मात्र प्रत्येक औषधाचा दुधातला 'उतारा' वेगवेगळा असतो. उतारा हा शब्द इथे आपल्या साखरेच्या उताऱ्यासारखाच घ्यावा. एकाच कारखान्यात एका शेतातल्या उसाचा उतारा बारा येतो, दुसऱ्याचा नऊ. त्याला कारणे असतात. तशी इथेही कारणे आहेत.

पहिले कारण औषधाच्या रेणूचा आकार. बारीक रेणू सहज पलीकडे जातो. इन्सुलिन किंवा हेपॅरिन यांचे रेणू एवढे मोठे की ते दुधात जवळजवळ जातच नाहीत. दुसरे कारण, काही औषधे रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसतात, ती रक्तातच राहतात. तिसरे, जी औषधे स्निग्धात विरघळतात ती दुधातल्या सायीबरोबर जातात. चौथे, दूध रक्तापेक्षा किंचित आम्लाकडे झुकलेले असते, त्यामुळे काही औषधे एकदा दुधात आली की तिथेच अडकतात. पाचवे, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, म्हणजे चिकाच्या दुधाच्या वेळी, त्या पिशव्यांच्या भिंतीतल्या फटी उघड्या असतात. तेव्हा औषध जास्त झिरपते. पुढे त्या बुजतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक औषधे जशी रक्तातून दुधात येतात तशी दुधातून रक्तात परतही जातात. रक्तातले औषध कमी झाले की दुधातलेही कमी होते. त्यामुळे दूध पिळून टाकले म्हणजे औषध लवकर निघून जाते, असे नाही. पिळून काढण्याचा उपयोग वेगळ्या कारणाने आहे, ते पुढे येईलच.

आता साध्या औषधांबाबत डॉक्टर मंडळी एक हिशेब धरतात. बाळाला दुधावाटे मिळणारे औषध, दोघांच्या वजनाच्या मानाने, आईच्या मात्रेच्या शेकडा १० पेक्षा कमी असेल तर सहसा चालते असे मानतात. म्हणूनच बाळंतिणीला ताप आला, अंग दुखले, तर पॅरासिटामॉल घेऊन ती खुशाल पाजू शकते. परंतु कॅन्सरच्या जहाल औषधांना हा शेकडा १० चा हिशेब लावायचा नसतो. का, ते आता पाहू.

तपासणीसाठी दूध तोडायचे कारण नाही

आबांच्या मुलाचे चुकले ते इथे. गाठ आहे म्हटल्यावर तपासण्यांची रांग लागते. सोनोग्राफी होते, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे होतो, सुई घालून गाठीचा तुकडा काढतात, सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. यांपैकी कशानेही दूध बिघडत नाही. एक्स-रेचे किरण अंगातून आरपार जातात, दुधात साठून राहत नाहीत. सीटी आणि एमआरआयच्या वेळी शिरेतून जे रंगद्रव्य सोडतात ते दुधात इतके अल्प उतरते आणि बाळाच्या आतड्यातून इतके कमी शोषले जाते, की त्यासाठी पाजणे थांबवायची गरज नाही, असाच आता जाणकारांचा सल्ला आहे. उलट मॅमोग्राफीला किंवा सुईच्या तपासणीला जाण्यापूर्वी बाळाला पाजून स्तन रिकामे करून जावे. फोटो स्वच्छ येतो आणि बाईला त्रासही कमी होतो.

ऑपरेशन झाले तरी तेच. भूल उतरली, बाई नीट शुद्धीवर आली आणि बाळाला धरण्याइतकी सावध झाली की ती पाजू शकते. दुखणे कमी करण्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चालतात. मात्र कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दोन औषधे पाजणाऱ्या आईला देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. काही बायकांच्या शरीरात या औषधांचे जहाल रूपांतर फार झपाट्याने होते, ते दुधातून बाळाला जाते आणि बाळ सुस्त होऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणून "दुखण्याची गोळी कोणती दिली?" हे नाव वाचून विचारावे.

किरणोत्सर्गी पदार्थ टोचून ज्या तपासण्या करतात त्या मात्र वेगळ्या. पेट स्कॅनला वापरतात ते द्रव्य दुधात फारच थोडे उतरते, पण खुद्द स्तनात ते गोळा होते. म्हणून काही तास बाळाला छातीशी धरायचे नाही. आधी काढून ठेवलेले दूध दुसऱ्या कोणी वाटीने पाजावे. हाडांच्या स्कॅनला टेक्नेशियम वापरतात. ते सहा तासांत निम्मे होते, पुढच्या सहा तासांत त्याच्या निम्मे, असे झपाट्याने ओसरते. पाजणे थांबवायचे की नाही आणि थांबवायचे तर किती तास, हे त्या विभागातले लोक सांगतात. पण त्यांना आधी कळायला तर हवे, की समोरची बाई अंगावर पाजणारी आहे. तोंडावर पदर घेऊन बाकावर बसलेल्या बाईला कोणी होऊन विचारीलच असे नाही. म्हणून आपणच सांगावे.

किमो सुरू झाला की थांबायचे

आता आजीबाईंचे चुकले कुठे ते पाहू. किमोची औषधे ही वाढत्या पेशी मारणारी औषधे आहेत. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात म्हणून त्या मरतात. त्यांच्याबरोबर केसांची मुळे, तोंडातली त्वचा, हाडातला मगज यांनाही झळ लागते, कारण तिथेही सतत नव्या पेशी तयार होत असतात. हे मोठ्या माणसाचे झाले. पाच महिन्यांच्या बाळाचे तर सगळे अंगच वाढीला लागलेले. त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून कच्ची, औषध बाहेर टाकायची ताकद कमी. म्हणून थोडे उतरले म्हणजे थोडेच बाधेल, असा हिशेब इथे करता येत नाही.

याला आधारही आहे. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध छातीच्या कॅन्सरात आजही दिले जाते. हे औषध चालू असताना पाजणाऱ्या आईच्या बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्याची नोंद १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात आली. १९७९ साली दुसऱ्या एका बाळाची तशीच नोंद प्रसिद्ध झाली. पांढऱ्या पेशी घटणे म्हणजे जंतूंशी लढणारी फौजच कमी होणे.

डॉक्सोरुबिसिन हे दुसरे औषध. रंगाने लाल, म्हणून रुग्ण त्याला 'लाल औषध' म्हणतात. १९८५ साली एका बाईच्या दुधाची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत हे औषध रक्तापेक्षा दुधातच जास्त सापडले आणि तीन दिवसांनंतरही दुधात होते. त्याच बाईला दिलेले सिस्प्लॅटिन हे औषध मात्र दुधात आढळले नाही. हे वाचून कोणी म्हणेल, मग सिस्प्लॅटिन चालेल. पण १९८९ साली दुसऱ्या एका बाईच्या दुधात त्याच औषधातले प्लॅटिनम जवळजवळ रक्ताइतकेच सापडले. त्याच्याही आधी, १९७२ साली, मेथोट्रेक्सेट हे औषध एका बाईच्या दुधात रक्तातल्या प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आढळले होते.

याचा अर्थ काय घ्यायचा? औषधागणिक उतारा वेगळा, बाईगणिक वेगळा, आणि तपासलेल्या बायका एक-दोन. एका शेतातली मोळी तपासून सबंध कार्यक्षेत्राचा उतारा जाहीर करीत नाहीत. म्हणून किमो चालू असताना बाळाला अंगावर पाजू नये, हाच सर्वमान्य सल्ला आहे.

मग दोन किमोंच्या मधल्या दिवसांत पाजता येईल का? अमेरिकेतल्या औषधपत्रकांत सायक्लोफॉस्फमाइडच्या शेवटच्या डोसानंतर किमान एक आठवडा आणि डॉक्सोरुबिसिननंतर किमान १० दिवस पाजू नये असे लिहिले आहे. हे झाले एकेका औषधाचे. प्रत्यक्षात दोन-तीन औषधे एकत्र देतात आणि दोन-तीन आठवड्यांनी पुढची फेरी येते. तेव्हा घरच्या घरी दिवस मोजून बाळ छातीशी लावू नये. सगळा किमो संपल्यावर किती दिवसांनी पाजता येईल, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

आजीबाईंना समजावताना आबांनी जे सांगितले ते आम्हाला फार पटले. ते म्हणाले, "दूध इख झालं नाही गं. दूध चांगलंच हाय. त्यात औषध मिसळलंय, आणि ते औषध तिच्यासाठी हाय, बाळासाठी नाही." एवढे कळले की सुनेकडे बोट दाखवायचे कोणाला कारण उरत नाही.

गोळ्या, शेक आणि आयोडीन

किमो संपला की कित्येक बायकांना टॅमॉक्सिफेनची गोळी रोज एक अशी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. या गोळीने दूध येणेही कमी होते, आणि ती अंगातून फार सावकाश जाते. ती चालू असताना पाजू नये. काही गाठींना प्रतिपिंडांची इंजेक्शने देतात. त्यांचे रेणू मोठे, दुधात कमी उतरतात. तरी पुरेसा अनुभव गाठीशी नाही म्हणून तीही चालू असताना पाजू नये असेच सांगतात.

किरणोपचाराबद्दल, ज्याला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, फार गैरसमज आहेत. यंत्रातून बाहेरून शेक दिला तर बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. यंत्र बंद झाले की संपले. तिला बाळ जवळ घेता येते, कुशीत झोपवता येते. ज्या बाजूला शेक दिला त्या बाजूचे दूध फार कमी होते. दुसऱ्या बाजूला दूध असेल आणि किमो किंवा टॅमॉक्सिफेन चालू नसेल, तर त्या बाजूने पाजता येईल का हे डॉक्टरांना विचारावे.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरात पोटातून किरणोत्सर्गी आयोडीन देतात. इथे मात्र नियम कडक आहे. दुभत्या स्तनात आयोडीन ओढले जाते आणि दुधातून बाळाच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसते. हे आयोडीन आठ दिवसांत जेमतेम निम्मे होते. म्हणून हा उपचार घेण्यापूर्वी काही आठवडे अगोदरच पाजणे बंद करून दूध आटवावे लागते, आणि त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. पुढच्या बाळाला मात्र पाजता येते.

दूध थांबवायचे कसे, बाळाला द्यायचे काय?

निदान झाल्यापासून किमो सुरू होईपर्यंत बहुधा काही दिवस मिळतात. ते वाया घालवू नयेत. एका रात्रीत दूध तोडले की छाती दगडासारखी होते, ताप भरतो, कधी पू धरतो. पुढे किमोने पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर असा पू धरणे धोक्याचे. म्हणून दिवस हाताशी असतील तर एकेक पाळी कमी करीत आणावे, ठणका लागला तर आराम पडेल इतकेच दूध हाताने काढावे, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. वेळ कमी असेल तर दूध आटवण्याची गोळी डॉक्टर देतात. परस्पर दुकानातून ती घेऊ नये.

ज्या बाईला उपचारानंतर पुन्हा पाजायची इच्छा आहे तिने किमोच्या काळात दूध पिळून टाकत राहावे, म्हणजे दूध आटत नाही. पिळण्याचा उपयोग एवढ्यासाठीच. हे दूध मोरीत ओतून भरपूर पाणी सोडावे. ते कुणाला, अगदी मांजरालाही, पाजू नये. ज्याला हा खटाटोप झेपत नाही तिने तो केला नाही तरी बिलकुल मनाला लावून घेऊ नये.

किमोपूर्वी काढलेले दूध बाळाला चालते. स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध बेताच्या हवेत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस आणि बर्फाच्या कप्प्यात जास्त दिवस टिकते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या उन्हाळ्यात बाहेर चार तास धरू नयेत.

पुढचा प्रश्न बाळाच्या पोटाचा. आशिया खंडातली पहिली मानवी दुग्धपेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झाली. दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून अशा पेढ्यांत ठेवतात. पण ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असते. सगळ्यांना पुरत नाही. तरी विचारायला हरकत नाही. जाऊ नाहीतर नणंद बाळंतीण असेल तर तिने पाजण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तसे करायचे असेल तर अगोदर तिच्या एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या करून घ्याव्यात. यात अपमान मानू नये.

नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध द्यावे. यात तीन पथ्ये. पाणी उकळलेले हवे. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घालावी. महाग पडते म्हणून पाणी वाढवले तर बाळाचे पोट भरलेले दिसते पण ते वाढत नाही. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले बोंडले बरे, कारण ते घासून उकळता येते. सहा महिने पूर्ण झाले की मऊ भात, वरण, नाचणीची पेज असे घट्ट अन्न सुरू करावे.

किमोनंतर पहिले दोन दिवस आईची उलटी, लघवी यांत औषध असते. ते साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत. बाकी आईने बाळाला मांडीवर घ्यावे, पापा घ्यावा, आंघोळ घालावी, गाणे म्हणावे. यातले काहीही बाधत नाही. दूध थांबले म्हणून आई थांबलेली नाही. काही घरांत बाळाला आईपासून सहा-सहा महिने आजोळी ठेवतात, त्याची गरज नसते.

दुधाची गाठ म्हणून अंगावर काढू नये

आबांच्या सुनेला गाठ लागली तेव्हा बाळ दोन महिन्यांचे होते. कोणी म्हणाले दूध गोठले असेल, कोणी शेकायला सांगितले, कोणी लेप दिला. एका दवाखान्यातही "पाजतेस ना, मग दुधाचीच" असे म्हणून परत पाठवले. तीन महिने असे गेले. बाळंतिणीच्या छातीत गाठी होतात आणि त्यांतल्या बहुतेक साध्याच असतात, हे खरे. पण साधी गाठ पाजून, शेकून, औषध घेऊन थोड्या दिवसांत जाते. दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करून घ्यावीच. तांबडेपणा औषधाने उतरत नसेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, बोंड आत ओढले गेले असेल, किंवा बाळ एकाच बाजूने प्यायचे अचानक नाकारत असेल, तरी दाखवावे.

याचा अर्थ पाजण्याने कॅन्सर होतो असा कोणी काढू नये. उलट आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की बाईने आयुष्यात जितके महिने पाजले त्यातल्या दर बारा महिन्यांमागे तिचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका शेकडा चाराहून थोडा अधिक घटतो.

दुसरी चूक याहून मोठी. बाळ अजून पितेय म्हणून उपचारच पुढे ढकलणे. "एवढं वर्षाचं होऊ दे, मग बघू" असे म्हणणाऱ्या आया आहेत आणि त्यांना मान डोलावणारी घरे आहेत. हे करू नये. बाळाला दुधाला पर्याय सापडतो. आईला पर्याय नाही.

खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. रेशनकार्ड आणि ओळखीचे कागद घेऊन पहिल्यांदा त्याला भेटावे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून उभे आहे. आपल्या ग्रामीण भागात बार्शीला कॅन्सरचे रुग्णालय आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथेच १९८७ साली सुरू झाली.

पुढच्या बाळाचे काय?

तरण्या बाईच्या मनात हा प्रश्न असतो, पण ती विचारत नाही. २०२३ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष आले. संप्रेरकांच्या गोळ्या दीड ते अडीच वर्षे घेतलेल्या तरुण बायकांनी मूल होण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दोन वर्षांपर्यंत गोळ्या थांबवल्या. तर निदान सुरुवातीच्या काही वर्षांत त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. २०२४ साली त्यातल्याच पाजणाऱ्या मातांची माहिती मांडली गेली. पाजल्याने रोग उलटल्याचे दिसले नाही. एका बाजूच्या दुधावरही बाळ पोसते, हे जुळ्यांना पाजणाऱ्या आयांनी कधीच सिद्ध केले आहे. तेव्हा हे दार कायमचे बंद होत नाही. मात्र गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगायचे आणि विचारायचे

हा भाग कापून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवावा.

१. "मी अंगावर पाजते, बाळ एवढ्या महिन्यांचे आहे," हे प्रत्येक टेबलावर सांगावे. एकदा सांगितले म्हणजे सगळ्यांना कळले असे नसते.

२. ही तपासणी झाल्यावर लगेच पाजू का? नाही तर किती तासांनी?

३. उपचाराला नक्की कोणत्या तारखेला सुरुवात? तोपर्यंत पाजू ना?

४. औषधांची नावे लिहून द्याल का? शेवटच्या डोसानंतर किती दिवसांनी पाजता येईल?

५. दूध हळूहळू थांबवू की गोळी देणार? बाळाला काय देऊ?

आबा मागच्या महिन्यात पुन्हा आले होते, शेअरच्या दाखल्यासाठी. त्या वेळी सोमवारपर्यंत बाळ आईचे दूध प्याले. पहिली सलाईन लागायच्या सकाळी तिने त्याला शेवटचे पाजले आणि मगच दवाखान्यात गेली. पुढे थोरल्या जावेने वाटी-चमच्याने दूध पाजायचे काम उचलले. ऑपरेशन झाले, किमो पार पडला, आता गोळी चालू आहे. "पुढलं डॉक्टर सांगतील तसं," आबा म्हणाले. "पोर आता बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खातंय. म्हातारी म्हणती, अंगावरचं दूध लवकर सुटलं म्हणून बारीक राहील. मी म्हटलं, बारीक राहू दे, आई हाय न्हवं घरात."

सर्व सभासद बंधू-भगिनींना आमची विनंती आहे, की हा अंक घरातल्या लेकी-सुनांच्या हाती द्यावा. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवावा. आणि गाठ लागली तर ती सांगायला कोणाला लाज वाटू नये, असे आपल्या घराचे वळण ठेवावे.

— संपादक मंडळ